व्हीपीएन हिरवं, पेपर बंद: घरून लायब्ररी वापरण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातलं एक राज्य विद्यापीठ आहे, नाव सांगत नाही. मी तिथल्या लायब्ररीत ई-रिसोर्सेसचं काम बघतो, म्हणजे जर्नल्सची लॉगिन, प्रकाशकांशी मेलामेली, आणि दिवसभर "सर उघडत नाहीये" असे फोन. हे प्रकरण एका पीएच.डी. करणाऱ्या मॅडमचं आहे. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत, बाकी जसं घडलं तसंच.

मॅडम तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतात आणि बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराईडवर पार्ट टाइम पीएच.डी. करतायत. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पार्ट टाइम चालतं, नोकरीच्या ठिकाणचं एनओसी लागतं, ते त्यांनी रीतसर दिलेलं. नोंदणी विद्यापीठाची, पण संशोधन केंद्र जिल्ह्याच्या गावातल्या एका अनुदानित कॉलेजात, आणि गाईड सरही तिथलेच. म्हणजे नोकरी एकीकडे, केंद्र दुसरीकडे आणि विद्यापीठ तिसरीकडे. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा जवळपास सगळा घोळ यातूनच निघाला.

काळ २०२५ च्या पावसाळ्यानंतरचा. तोवर वन नेशन वन सबस्क्रिप्शन, म्हणजे केंद्र सरकारने देशभरातल्या संस्थांसाठी एकत्र घेतलेली जर्नल्सची वर्गणी, सुरू होऊन बरेच महिने झालेले. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ ला मंजुरी दिली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल्स, ६,३०० हून जास्त संस्था, १ जानेवारी २०२५ पासून चालू. पेपरात बातम्या अशा आल्या की लोकांना वाटलं आता देशात कोणालाही कुठूनही सगळं फुकट वाचता येणार. तसं नाहीये. पहिल्या टप्प्यात केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्था आहेत. आमचं विद्यापीठ त्यात आहे. मॅडमचं ज्युनिअर कॉलेज नाही, संशोधन केंद्राचं अनुदानित कॉलेजही नाही.

अडचण काय होती

मॅडमची तक्रार साधी होती. विद्यापीठात आल्या की लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर पेपर (म्हणजे शोधनिबंध) एका क्लिकवर उघडतो, घरी गेलं की तोच पेपर तीस-चाळीस डॉलर मागतो. मग महिन्यातून एखादा शनिवार एसटीने यायचं, पेन ड्राइव्ह भरायचा, घरी जाऊन वाचायचं, आणि वाचताना लक्षात यायचं की ज्या पेपरचा संदर्भ दिलाय तो आणलाच नाही. रिव्ह्यूचं चॅप्टर असंच लोंबकळत होतं, आणि रिसर्च ॲडव्हायझरी कमिटीसमोर सहामाही प्रेझेंटेशन आलेलं.

असं का होतं ते बऱ्याच प्राध्यापकांनाही नीट माहीत नसतं म्हणून सांगतो. कॅम्पसवर प्रकाशकाची साईट तुम्हाला ओळखतच नाही, ती तुमचा आयपी ॲड्रेस, म्हणजे तुमच्या नेट कनेक्शनचा पत्ता, बघते. विद्यापीठाने आपल्या आयपींची यादी प्रकाशकाला दिलेली असते, त्या यादीतून कोणी आलं की दार उघडं. जत्रेत गावाचं नाव विचारून आत सोडावं आणि माणसाचं नाव विचारूच नये, तसा प्रकार. घरच्या मोबाईल नेटवरून गेलात की गाव वेगळं, दार बंद. मग घरून जायचं तर दोनच रस्ते उरतात: एक तर गाव आपलंच आहे असं दाखवायचं, नाही तर स्वतःचं नाव सांगून आत जायचं. व्हीपीएन (घरचं ट्रॅफिक विद्यापीठाच्या नेटवर्कमधून नेणारा बोगदा) आणि प्रॉक्सी (तेच काम करणारा मधला सर्व्हर) पहिल्या प्रकारात येतात, संस्थेचं लॉगिन दुसऱ्या.

मॅडमचा पहिला फोन आला तेव्हा त्यांच्याकडे व्हीपीएन होतं. गाईड सरांनी आयटी विभागातल्या ओळखीच्या माणसाला फोन करून गेस्ट अकाऊंट काढून घेतलेलं. "सर, व्हीपीएन हिरवं, म्हणजे जोडलेलं, दिसतंय पण पेपर उघडत नाहीये."  

समोर कुठले पर्याय होते

गाईड सर, मॅडम आणि मी असं एकदा लायब्ररीत बसून सगळं मांडलं. जे बोललं गेलं ते सगळंच लिहितो, कारण न पटणारे पर्यायसुद्धा लोक वापरतातच.

सगळ्यात आधी निघालं ते दुसऱ्याचं लॉगिन. विभागातल्या पोरांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यात एका विद्यार्थ्याचा व्हीपीएन आयडी-पासवर्ड पिन करून ठेवलेला. मॅडमनी तो वापरला नव्हता, पण "सगळे वापरतात" असं त्यांना दोघातिघांनी सांगितलेलं. प्रकाशकाशी झालेल्या करारात, म्हणजे लायसन्समध्ये, हे सरळसरळ मना आहे, आणि काही झालं तर नाव त्या पोराचं येणार. गाईड सरांनीच नको म्हणून सांगितलं.

मग साय-हब, प्रकाशकांच्या परवानगीशिवाय पेपर फुकट देणारी साईट. नैतिकतेचं भाषण कोणी दिलं नाही, व्यवहाराचं बोललो. २०२० च्या डिसेंबरपासून दिल्ली हायकोर्टात एल्सेव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी या प्रकाशकांची केस आहे, त्यानंतर तिथे नवीन पेपर येणं जवळपास थांबलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कोर्टाने साईट भारतात ब्लॉक करायला सांगितली. मॅडमना हवे होते ते २०२३-२४ चे पेपर, म्हणजे कायदा बाजूला ठेवला तरी ते तिथे मिळणं अवघडच.

एन-लिस्ट, म्हणजे कॉलेजांना ई-जर्नल्स देणारी योजना, हा तिसरा. केंद्राच्या कॉलेजकडे ते होतं आणि तिथून मॅडमना आयडी मिळूही शकला असता. कॉलेजांसाठी चांगली सोय आहे ती, माझं तिच्याशी वाकडं नाही, पण मॅडमच्या यादीतले निम्म्याहून जास्त पेपर एल्सेव्हिअरचे होते आणि एन-लिस्टमध्ये एल्सेव्हिअर नाही.

लिंक बदलून पाठवणारी प्रॉक्सी किंवा मायलॉफ्टसारखं ॲप विकत घेणं हा चौथा पर्याय. अशा सेवेला दरवर्षी पैसे लागतात आणि खरेदीची फाईल एका माणसासाठी हलत नाही, विषय तिथेच संपला.

उरले दोन: आहे ते व्हीपीएन नीट करणं, नाही तर इन्फेड. इन्फेड म्हणजे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने (यूजीसीचं विद्यापीठ लायब्रऱ्यांसाठीचं केंद्र) चालवलेली लॉगिनची व्यवस्था. प्रकाशकाच्या साईटवर संस्थेतर्फे प्रवेश निवडायचा, यादीतून आपलं विद्यापीठ शोधायचं, मग विद्यापीठाच्या लॉगिन पानावर आयडी-पासवर्ड टाकायचा. प्रकाशकाकडे सहसा तुमचं नाव जात नाही, "हा या संस्थेचा सदस्य आहे" एवढं आणि एक सांकेतिक ओळख जाते. माझं मत पहिल्यापासून इन्फेडच्या बाजूने होतं. पण त्यासाठी मॅडमचं नाव आमच्या वापरकर्त्यांच्या यादीत पाहिजे, आणि ते नव्हतं. यादी विभागांच्या हजेरीपटावरून बनलेली, बाहेरच्या केंद्रांवरचे संशोधक कुठल्याच विभागाच्या पटावर नसतात.

ॲडव्हायझरी कमिटी जवळ आलेली. यादीचं काम म्हणजे पत्र, टिप्पणी, सही. म्हणून आधी व्हीपीएन दुरुस्त करायचं ठरलं आणि यादीचं पत्र समांतर टाकायचं. हा पहिला निर्णय. तेव्हाच्या घाईत तो बरोबरच होता असं मी आजही म्हणतो, फक्त त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

काय केलं

आधी निदान. मॅडमना सांगितलं, व्हीपीएन चालू ठेवा, ब्राउझरमध्ये "माझा आयपी काय" असं शोधा आणि स्क्रीनशॉट पाठवा. आला तो मोबाईल कंपनीचा आयपी. म्हणजे व्हीपीएन हिरवं असून ट्रॅफिक घरच्याच नेटवरून जात होतं.

आयटीवाल्यांना विचारलं तर त्यांना आश्चर्यच वाटलं नाही. आमचं व्हीपीएन मुळात परीक्षा विभाग आणि अकाऊंट्सच्या लोकांसाठी बसवलेलं, त्यांना आतल्या सर्व्हरपर्यंत पोचायचं असतं, म्हणून फक्त आतल्या पत्त्यांचं ट्रॅफिक बोगद्यातून आणि बाकी सगळं बाहेरून अशी सेटिंग. प्रकाशकाची साईट "बाकी सगळं" मध्ये मोडते. मी म्हटलं मग प्रकाशकांचे पत्ते त्यात घाला. ते म्हणाले मोठे प्रकाशक सीडीएनवर, म्हणजे जगभर पसरलेल्या सर्व्हरांच्या जाळ्यावर, असतात, पत्ते बदलत राहतात, आज घातले तर उद्या तुटेल, आणि त्यांचं बरोबर होतं. मग सगळंच ट्रॅफिक बोगद्यातून नेणारं वेगळं प्रोफाईल करायचं का? त्यावर त्यांची अडचण अशी की लोक व्हीपीएन बंद करायला विसरतात आणि मग घरच्यांचं यूट्यूबसुद्धा विद्यापीठाच्या लाईनवरून चालतं. शेवटी "लायब्ररी" नावाचं वेगळं प्रोफाईल झालं, काही वेळ वापर नसला की आपोआप तुटणारं.

एवढं करूनही एक प्रकाशक उघडेना. मॅडम म्हणाल्या, गंमत म्हणजे एका प्रकाशकाचा उघडतो दुसऱ्याचा नाही. कारण निघालं आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी पद्धत; जुनी ती आयपीव्ही४. आपल्याकडची मोबाईल नेटवर्क आता मोठ्या प्रमाणावर आयपीव्ही६ वर चालतात, आणि आमचा बोगदा फक्त आयपीव्ही४ नेत होता. ज्या साईटला दोन्ही पत्ते आहेत तिथे लॅपटॉप आपणहून आयपीव्ही६ चा रस्ता धरतो, म्हणजे बोगद्याच्या बाहेरून जातो, आणि प्रकाशकाला पुन्हा घरचाच पत्ता दिसतो. ज्या साईटला फक्त जुना पत्ता आहे ती व्यवस्थित उघडते. आयटीने बोगदा चालू असेपर्यंत आयपीव्ही६ बंद ठेवायची सेटिंग क्लायंटमध्येच टाकली आणि प्रश्न मिटला. हे मी मुद्दाम एवढं लांबवून लिहितोय कारण "कधी चालतं कधी नाही" अशी तक्रार आली की आपण माणसालाच दोष देतो, कॅश साफ करा, ब्राउझर बदला, आणि इथे त्यातलं काहीच कामाचं नव्हतं.

मॅडमचं काम सुरू झालं. मध्ये एकदा त्यांनी पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५०० : २०१२, "लायब्ररीतून उघडत नाही" म्हणून विचारलं. ते लायब्ररीतून उघडायची गरजच नाही, बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरो) साईटवर नोंदणी केली की फुकट डाउनलोड होतं. फ्लोराईडची मर्यादा १.० मिलिग्रॅम प्रति लिटर, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत, हे आकडे त्यांना पाठ होते, मूळ कागद मात्र कधी हातात घेतला नव्हता. पेपरची कायदेशीर मोफत प्रत शोधणारं अनपेवॉलचं ब्राउझर एक्स्टेन्शनही टाकून दिलं, त्यांच्या यादीतले बरेच पेपर कुठल्या ना कुठल्या संस्थेच्या संग्रहात कायदेशीर मोकळे निघाले. ही गोष्ट आपण कायम शेवटी सांगतो, खरं तर सगळ्यात आधी सांगायला पाहिजे.

मध्येच झालेला गोंधळ

एका सकाळी प्रकाशकाची मेल आली. तुमच्या अमुक आयपीवरून फार मोठ्या प्रमाणात, अंकामागून अंक अशा क्रमाने डाउनलोड झालेत, लायसन्सचा भंग आहे, तो आयपी आम्ही बंद केलाय, चौकशी करून कळवा. वेळ दिलेली १९:१० पासून पुढची. व्हीपीएनमधले सगळे लोक बाहेर पडताना एकाच पत्त्याने बाहेर पडत असल्यामुळे त्या एका पत्त्याबरोबर व्हीपीएनवरचे सगळेच अडकले. कॅम्पसवर मात्र सगळं ठीक, म्हणून निम्म्या लोकांना अडचण आहे हेच पटेना.

आयटीने लॉग काढला. संध्याकाळी सात दहाला जोडलेलं कोण? दोन-तीन कर्मचारी, आणि मॅडमचं गेस्ट अकाऊंट. नवीन अकाऊंट, गेस्ट, बाहेरच्या केंद्राचं, नुकतंच सगळं ट्रॅफिक नेणारं प्रोफाईल मिळालेलं. बैठकीत संशय कुणावर जाणार ते सांगायला नकोच. मॅडमना फोन गेला, त्या बिचाऱ्या गोंधळल्या, म्हणाल्या मी त्या संध्याकाळी दोनच पेपर काढले. तरी गेस्ट अकाऊंट सरसकट बंद करायचं, हे जवळजवळ ठरलंच होतं.

वाचवलं ते आयटीतल्या एका तरुण मुलाने. त्याने मूळ मेल पुन्हा वाचली आणि म्हणाला, सर ही वेळ जीएमटी आहे. आपली वेळ साडेपाच तास पुढे, म्हणजे रात्रीचे १२:४०, तारीखसुद्धा दुसऱ्या दिवसाची. लॉग पुन्हा काढला तर मॅडमचं सेशन तोवर केव्हाच तुटलेलं. जोडलेलं होतं ते व्हॉट्सॲप ग्रुपवर पिन केलेलं लॉगिन, एकाच वेळी दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून. ज्याचं नाव होतं तो विद्यार्थी त्या रात्री हॉस्टेलवर झोपलेला. कोणीतरी त्याच्या आयडीवर डाउनलोड मॅनेजर लावून ठेवलेला, कोणी ते शेवटपर्यंत कळलं नाही.

इथे दुसरा निर्णय घ्यायचा होता. विद्यार्थ्याला शिक्षा किती? काहींचं म्हणणं कडक कारवाई करा म्हणजे धडा बसेल. मी आणि ग्रंथपाल मॅडम दोघांनी विरोध केला, कारण ग्रुपवर ज्यांना तो आयडी लागत होता त्यातले बरेच जण बाहेरच्या केंद्रांवरचे रीतसर नोंदणी झालेले संशोधक होते. त्यांचा हक्क होता, आम्ही दार दिलं नव्हतं, म्हणून त्यांनी शेजाऱ्याची किल्ली वापरली. त्या विद्यार्थ्याचा आयडी महिनाभर बंद केला, त्याच्याकडून लेखी घेतलं, सगळ्यांचे पासवर्ड बदलले आणि प्रकाशकाला खरं काय झालं ते कळवलं. त्यांनी पत्ता पुन्हा चालू केला.

शेवटी काय झालं

या प्रकारामुळे जे पत्र धूळ खात पडलेलं ते एकदम हललं. पीएच.डी. विभागाकडे सगळ्या केंद्रांवरच्या नोंदणीकृत संशोधकांची यादी तयारच होती, आमच्यापैकी ती कोणी मागितलीच नव्हती. प्रश्न एवढाच आला की बाहेरच्या केंद्रावरचा संशोधक लायसन्सप्रमाणे अधिकृत वापरकर्ता आहे का. लायसन्स काढून वाचलं. तिथे शब्द होते नोंदणीकृत विद्यार्थी, तो बसतो कुठे याबद्दल काही नाही. मग मॅडम आत. वापरकर्त्याचं नाव म्हणून नोंदणी क्रमांक घेतला, कारण विद्यापीठाचा ईमेल केंद्रावरच्या लोकांना मिळतच नाही, आणि मुदत वार्षिक फीच्या पावतीला जोडली, फी भरली की लॉगिन वाढतं.

इन्फेडचा मोठा फायदा आमच्या मते हाच, की उद्या पुन्हा कोणी असले उद्योग केले तर प्रकाशक त्या एका सांकेतिक ओळखीवर बोट ठेवू शकतो, सगळं गाव बंद करावं लागत नाही.

पहिल्या दिवशी मॅडमना प्रकाशकाच्या यादीत विद्यापीठच सापडेना. महाराष्ट्रात नामविस्तार झालेली विद्यापीठं कमी नाहीत, पुणे २०१४ ला, जळगाव २०१८ ला, सोलापूर २०१९ ला, आणि प्रत्येक प्रकाशकाकडे नाव कुठल्या स्पेलिंगने आणि नवीन की जुनं याचा नेम नाही. आम्ही मग प्रकाशकनिहाय "इथे असं टाइप करा" अशी एक पानाची पीडीएफ केली, ती आजही सगळ्यात जास्त फॉरवर्ड होते. दुसरी अडचण फोनवर आली. व्हॉट्सॲपमधून लिंक दाबली की ती कधी कधी दुसऱ्याच ब्राउझरमध्ये उघडते, तिथे लॉगिन नसतं. लिंक कॉपी करून नेहमीच्या ब्राउझरमध्ये टाकायची, एवढंच.

सगळं उघडलं असं मात्र नाही. एका विभागाने स्वतंत्र घेतलेला डेटाबेस फक्त कॅम्पसच्या आयपीवरच चालतो, करारच तसा आहे, त्यासाठी मॅडमना अजूनही यावं लागतं. चॅप्टर वेळेत गेलं, कमिटीने ते स्वीकारलं, दोन दुरुस्त्या सांगितल्या.

काय वेगळं करता आलं असतं

माझ्या मते तांत्रिक भाग आम्ही ठीक हाताळला, बोगदा काय, आयपीव्ही६ काय, ते आज ना उद्या सापडलंच असतं. यादीचं काम मात्र पहिल्याच दिवशी पुढे रेटायला हवं होतं. मॅडम आल्या तेव्हा आम्ही विचारलं "काय उघडत नाही", "तुमचं नाव कुठल्या यादीत आहे" हे विचारायला खूप उशीर झाला. तो प्रश्न आधी आला असता तर त्यांच्यासारखे किती जण बाहेर आहेत हे तेव्हाच कळलं असतं आणि व्हॉट्सॲपच्या पिनची गरज उरली नसती.

गेस्ट अकाऊंट ओळखीवर काढून देणं ही दुसरी गोष्ट. गाईड सरांचा हेतू चांगला, आयटीच्या माणसाचाही. पण कागदावर काहीच नसल्यामुळे मॅडमवर संशय आला तेव्हा "यांना हे अकाऊंट का दिलं" याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. साधा अर्ज असता तरी त्या दिवशी त्यांची बाजू मजबूत झाली असती. आणि वेळेचं म्हणाल तर आता आमच्या चौकशीच्या फॉर्मवर पहिलाच रकाना आहे, मेलमधली वेळ कुठल्या टाइमझोनची. तो भरल्याशिवाय लॉग काढायचाच नाही, आणि माणसाला फोन तर त्याहून नंतर.

एक गोष्ट अजून अडलेली आहे. मॅडम आत आल्या पण त्यांचे गाईड सर बाहेरच आहेत. ते विद्यापीठाचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक, पण पगार अनुदानित कॉलेजचा, म्हणजे लायसन्समधल्या "कर्मचारी" मध्ये बसतात की नाही यावर दोन मतं आहेत. विद्यार्थिनीला पेपर दिसतो आणि तो तपासणाऱ्याला दिसत नाही, असं चमत्कारिक चित्र आहे. आम्ही लेखी विचारणा पाठवली आहे. उत्तर येईपर्यंत सर विद्यापीठात मीटिंगला आले की लायब्ररीत बसून वाचतात, प्रत्यक्ष आलेल्या वाचकाला लायसन्समध्ये परवानगी आहे.